बाटलीवर डिपॉझिट आलं म्हणजे कचऱ्याचं शुल्क घटणार?

बाटल्या-कॅनवर डिपॉझिट (विकत घेताना जादा भरायचे आणि रिकामी बाटली परत दिली की मिळणारे पैसे) लागलं की डब्यातला कचरा कमी होईल आणि महिन्याचं शुल्कही उतरेल, असं सोसायटीच्या बैठकांत सर्रास ऐकू येतं. तसं होत नाही.

खर्च बाटलीचा नसतो, फेरीचा असतो. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार येतात; बाटली असो वा नसो, जिने तेवढेच. शिवाय घरच्या कचऱ्यात वजनाने जास्त भाग ओल्याचा. रिकामी बाटली जागा खाते, वजन नाही. गाडीत थोडी जागा सुटेल, एवढंच.

उलट बाजू मात्र कुणी बोलत नाही. शुल्काखेरीज ताईंची कमाई भंगारातून होते, आणि प्लास्टिकची बाटली, ॲल्युमिनियमचा कॅन हा त्यातला बरा माल. तो आपणच दुकानात परत दिला तर त्यांचं उत्पन्न घटेल, आणि मग शुल्क वाढवायची मागणी आली तर नवल नाही. अर्थात आपण आळशीच! न परतवलेली बाटली त्यांच्या हाती पडली आणि डिपॉझिट त्यांना मिळालं, तर भंगाराच्या भावापेक्षा ते जास्तच भरेल. जर्मनीत 2003 पासून हे डिपॉझिट आहे; तिथेही लोकांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करून काही जण चार पैसे मिळवतात.