दुबार कोड (फायलींच्या जुळणीतील)

दोन फायलींतल्या नोंदी एका सामाईक रकान्यावरून जोडताना त्या रकान्यातला तोच कोड एकाहून अधिक ओळींत आला, तर तो दुबार कोड. दुबार म्हणजे दर वेळी चूकच असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची ऊस बिले निघतात त्या धर्तीचे उदाहरण घेऊ. काट्याच्या (ऊस तोलल्याच्या नोंदींच्या) फायलीत खेपेगणिक एक ओळ असते, त्यामुळे एका शेतकऱ्याचा कोड हंगामात वीसदाही येईल. खातेदार यादीत मात्र तो एकदाच हवा.

समजा, यादीत २४१७ हा कोड दोनदा पडला आहे. बँक खाते बदलल्यावर जुनी ओळ न काढता नवी घातली. काट्यावर त्याच्या ३ खेपा आहेत : १४.२५०, १६.१०० आणि १५.६५० टन, एकूण ४६ टन. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या जॉइनमध्ये (जोडणीच्या आज्ञेत) प्रत्येक खेप दोन्ही ओळींना चिकटते. ६ ओळी होतात आणि वजन ९२ टन दिसते. एक्सेलचे व्हीलूकअप हे शोधाचे सूत्र नेमक्या जुळणीत वरची पहिली ओळ उचलते. वजन ४६ टनच राहते, पण बिल जुन्या खात्यावर जाते. हा प्रकार अधिक घातक, कारण बेरीज जुळल्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. एसक्यूएलमध्ये डिस्टिंक्ट (तंतोतंत सारख्या ओळी एकदाच घेणे) लावूनही सुटका नाही : खाते क्रमांक वेगळे असल्याने दोन्ही ओळी टिकतात.

आधी साफसफाई, मग मोजणी. कोडामागची मोकळी जागा, पुढचे गळालेले शून्य, एका फायलीत देवनागरी तर दुसरीत इंग्रजी अंक, हे सारखे केल्यावरच लपलेले दुबार वर येतात. मोजणी एसक्यूएलमध्ये ग्रुप बाय (एकेका कोडाच्या ओळी एकत्र करणे) आणि हॅविंगने (त्यातले एकाहून अधिक ओळींचे कोड निवडणे), एक्सेलमध्ये काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने होते. काउंटइफ अंकी मजकुरालाही संख्या समजते आणि १५ अंकांपुढचे धरत नाही. त्यामुळे शेवटच्या अंकातच फरक असलेले १६ अंकी खाते क्रमांक ते दुबार ठरवते. तिथे अंक मजकूर म्हणूनच ताडू देणारे समप्रॉडक्ट हे सूत्र वापरावे.

कोड कारखान्याच्या एकेका गटापुरताच (कार्यक्षेत्रातल्या विभागापुरताच) वेगळा असेल, तर गट क्रमांक जोडून घ्यावा, पण मध्ये आडवी रेघ घालून. नाहीतर गट १२ मधला ३०५ आणि गट १२३ मधला ०५ दोन्ही १२३०५ होतात. नावावर जुळणी करूच नये. करवीर-कागलात तसे करणे म्हणजे गावोगावच्या पाटलांची एकच मोळी बांधणे.

कोणती ओळ ठेवायची हे शेती विभागाने ठरवावे. एक्सेलची रिमूव्ह डुप्लिकेट्स ही दुबार ओळी काढण्याची सोय वरची ओळ ठेवते, ताजी नव्हे. म्हणून आधी बदलाच्या तारखेने उतरत्या क्रमाने लावावे आणि काढलेल्या ओळी वेगळ्या फायलीत ठेवाव्यात. जुळणी काट्याच्या फायलीवरून लेफ्ट जॉइनने करावी, म्हणजे काट्याची प्रत्येक ओळ टिकते. इनर जॉइनमध्ये (दोन्हीकडे जुळलेल्याच ओळी ठेवणाऱ्या जोडणीत) गळालेल्या आणि वाढलेल्या ओळी एकमेकींना झाकतात, म्हणून ओळींच्या संख्येबरोबर वेगवेगळे पावती क्रमांक किती आणि एकूण वजन किती, हेही काट्याशी ताडून पाहावे.