एक्स-रे स्वच्छ, तरी खुबा का दुखतो?

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ असते, आणि त्या घरात कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं असलं तर निदानांचीही. 'आतलं लोखंड पावसात गारठतं.' 'हाड अजून धरलं नसेल.' 'दिश्ट लागली असेल, मीठ-मिरच्या ओवाळून टाका.' आणि यांत सगळ्यात घातक वाक्य बहुधा घरातला शिकलेला पुतण्या बोलतो: 'एक्स-रे क्लीन आहे ना काकी? मग आता दुखणं मनाचंच.' बाकीची वाक्यं हसून सोडता येतात. या शेवटच्यासाठी हा लेख.

गारठणाऱ्या लोखंडाचा निकाल मात्र आधीच लावू. कृत्रिम सांध्यात साधं लोखंड नसतंच. टायटॅनियमचे किंवा कोबाल्ट-क्रोमचे मिश्रधातू, सिरॅमिक आणि पॉलिथिलीन, एवढा त्याचा ऐवज. तो मांसाच्या जाड थराखाली शरीराच्याच तापमानाला बसलेला असतो, बाहेर आषाढ असो की वैशाख. पावसाचं म्हणाल, तर अमेरिकेत वयस्कर रुग्णांच्या डॉक्टरभेटींच्या एक कोटीहून जास्त नोंदी पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. २०१७ साली आलेल्या त्या अभ्यासात पावसाळी दिवशी सांधेदुखीच्या तक्रारी वाढल्याचं दिसलं नाही. ब्रिटनमधल्या २०१९च्या एका अभ्यासात दमट, वाऱ्याच्या दिवसांत दुखणं किंचित वाढलेलं आढळलं. म्हणजे काही असलंच तर फार थोडं. आपल्याकडे पावसाळ्यात खुबा खरा बिघडतो तो शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून पाय घसरून.

आता मूळ मुद्दा. खुबा बदलण्याचं आधुनिक ऑपरेशन जॉन चार्न्ली या इंग्रज सर्जनने १९६२च्या सुमारास घडवलं, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली त्याला शतकातलं ऑपरेशन म्हटलं. ते खोटं नाही. बहुतेकांचं दुखणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने उतरतं आणि पुढे वर्षभर थोडं थोडं सुधारत राहतं. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळे' नव्हेत. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली झालेल्या आढाव्यात, खुबा बदललेल्यांपैकी ७ ते २३ टक्के लोकांचं दुखणं दीर्घ काळाने विचारलं तरी समाधानकारक कमी झालेलं नव्हतं. गुडघ्याचे आकडे याहून वाईट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात तर शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा आहे. काकी एकट्या नाहीत.

अर्थात आधी साधी कारणं खोडून काढायला हवीत, आणि ते काम सर्जनचं. ताप, जखमेतून पाणी येणं, आराम करतानाही ठणकणं हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांनाच मांडीत कळ येत असेल तर कृत्रिम सांध्याची मांडीच्या हाडात बसवलेली दांडी सैल झालेली असू शकते. पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला, तर फोनवर सल्ला विचारत बसू नये, गाडी काढावी. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ला फोन. या सगळ्याचा तपास होऊन काही निघालं नाही, रक्ततपासणी ठीक, एक्स-रे ठीक, आणि दुखणं आहे तिथेच आहे, अशा माणसांची गोष्ट पुढे आहे.

दुखणं खुब्यात तयार होतं आणि तारेतून मेंदूत पोचतं, असं आपण शाळेपासून धरून चाललेलो असतो. खुब्यातून निघतो तो फक्त इजेचा संदेश. तो दोन प्रकारच्या तंतूंतून जातो. एक तंतू पातळ आवरणाचे, वेगवान. दुसरे 'सी' तंतू, आवरण नसलेले, सेकंदाला जेमतेम मीटरभर जाणारे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी झणका येतो आणि क्षणभराने मागून ठणका येतो, तो या दोन वेगांतला फरक. दोन्ही संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात, पृष्ठशृंगात, पोचतात. तिथे पुढच्या चेतापेशीशी त्यांची गाठ पडते, आणि खरी गंमत इथे आहे.

१९६६ साली लॉर्न मेंडेल यांनी प्राण्यांवर प्रयोग करताना पाहिलं की सी तंतूंना साधारण सेकंदाला एक या गतीने तेवढाच, अगदी तेवढाच, धक्का देत राहिलं, तर पृष्ठशृंगातली पेशी दर खेपेला आधीच्यापेक्षा मोठा प्रतिसाद देते. संदेश तोच, उत्तर चढत जाणारं. पुढे १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदराच्या पायाला इजा केली आणि मग इजेची जागा भूल देऊन पूर्ण बधिर केली. तरी मज्जारज्जूतली चढलेली संवेदनशीलता तशीच राहिली. म्हणजे ज्या जखमेने ती चढवली त्या जखमेवर आता ती अवलंबून नव्हती.

हे होतं कसं? सी तंतूच्या टोकातून ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं. समोरच्या पेशीवर त्याला पकडणारे दोन तऱ्हेचे ग्राही असतात. एक एएमपीए, साधा सरळ: ग्लुटामेट आलं की उघडतो, सोडियम आत येतो, संदेश पुढे जातो. दुसरा एनएमडीए, हा मोठा तालेवार. त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो, आणि नुसतं ग्लुटामेट येऊन तो हलत नाही. पेशीच्या आतला विद्युतदाब बराच वर गेला तरच हलतो. एखाददुसऱ्या संदेशाने तेवढा दाब चढत नाही. पण सी तंतू तासन्‌तास, दिवसेंदिवस कोकलत राहिले आणि ग्लुटामेटसोबत 'सबस्टन्स पी' हे पेप्टाइडही सोडत राहिले, की दाब चढतो, मॅग्नेशियम निघतो आणि त्या वाटेने कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम आतली एन्झाइम जागी करतं. ती आधीच्या ग्राहींवर फॉस्फेट चढवून त्यांना जास्त तीव्र करतात आणि पेशीच्या पोटात राखीव असलेले आणखी एएमपीए ग्राही पृष्ठभागावर आणून बसवतात. आता तेच ग्लुटामेट आधीपेक्षा जास्त परिणाम करतं. भरीला, या पेशींना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींचा जोरही ओसरतो. याच एनएमडीए ग्राहींच्या मदतीने मेंदूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये स्मरण पक्कं होतं. पाढे ज्या यंत्रणेने पाठ होतात, जवळपास त्याच यंत्रणेने मज्जारज्जू दुखणं पाठ करतो.

वरची रसायनं डोक्यावरून गेली असतील तर एवढं धरा: जत्रेतल्या नाटकाचा माईक वाजवीपेक्षा जास्त वाढवून ठेवला की पात्राने नुसता श्वास घेतला तरी मांडवभर घरघर होते. नट बदललेला नाही, आवाज वाढवणाऱ्या यंत्राची कळ फिरलेली आहे. शरीरात ही कळ फिरली की दुखण्याचा प्रदेशही पसरतो, कारण शेजारच्या भागांतून येणारे, एरवी ऐकू न येणारे संदेशही आता ऐकू येऊ लागतात. इतकंच काय, साध्या स्पर्शाचे तंतूसुद्धा दुखण्याची पेशी पेटवू शकतात. टाक्यांच्या आसपास चादर घासली तरी झोंबतं, अशी तक्रार करणारी बाई नाटकी नसते. तिचा मज्जारज्जू ते खरोखर तसंच वाचत असतो, आणि एक्स-रेत मज्जारज्जूचं वाचन दिसत नाही.

खुब्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. झिजलेला सांधा घेऊन माणूस ऑपरेशनआधी कित्येक वर्षं काढतो. 'बघू, चवथ झाली की', 'बघू, मुलीचं लग्न झालं की'. मज्जारज्जूतली ती आवाजाची कळ तेव्हापासूनच फिरत असते. ऑपरेशनने मूळ बदलतं, पण ही जुनी चढती त्याच दिवशी उतरत नाही.

आता त्या पुतण्याकडे वळू. मेंदू काही नुसता ऐकत बसलेला नसतो. मध्यमेंदूच्या गाभ्यातून खाली मज्जारज्जूकडे तारा येतात आणि येणारे संदेश दाबतात किंवा वाढवतात. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूतल्या त्या जागेला विजेची उत्तेजना देऊन, भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया करून दाखवली. काही वर्षांतच शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं हेही कळलं. आणि उलटा मार्गही आहे. इटलीतल्या फाब्रित्झिओ बेनेडेट्टी यांच्या गटाने ऑपरेशन झालेल्या रुग्णांना 'याने दुखणं वाढेल' असं सांगून निरुपद्रवी द्रव्य दिलं, तेव्हा दुखणं वाढलं. पण कोलेसिस्टोकायनिन या रसायनाला अडवणारं औषध दिलेल्यांत ते वाढलं नाही. धास्तीने वाढलेलं दुखणं एका रसायनाच्या वाटेने जातं आणि ती वाट अडवता येते. मग 'मनाचं' आणि 'शरीराचं' अशी रेघ कुठे मारायची, ते पुतण्याने सांगावं.

उतार पडतो का? बहुधा पडतो. स्वीडनमध्ये एवा कोसेक आणि सहकाऱ्याने खुबा झिजलेल्या रुग्णांची ऑपरेशनआधी चाचणी केली. एका जागी दुखत असताना दुसऱ्या जागचं दुखणं आपोआप दाबलं जाण्याची जी नैसर्गिक व्यवस्था असते, ती त्यांच्यात काम करत नव्हती. ऑपरेशनने दुखणं गेल्यावर ती परत आली. ब्रिटनमधल्या एका गटाला अशा रुग्णांच्या मेंदूतला थॅलॅमसचा (शरीराकडून आलेल्या संवेदना पुढे पोचवणाऱ्या केंद्राचा) आक्रसलेला भाग ऑपरेशननंतर पुन्हा भरलेला दिसला. अभ्यास लहान आहेत, पण दिशा चांगली आहे.

म्हणून उपाय दोन बाजूंनी करायचे: खालून येणारा गोंगाट कमी करायचा आणि वरून येणारा दाब वाढवायचा. पहिल्या आठवड्यांत 'गोळ्या बऱ्या नव्हेत' म्हणून दात-ओठ खात राहण्यात काही शौर्य नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं ठरल्या वेळी घ्यावीत, दुखणं शिगेला पोचण्याची वाट पाहू नये. मात्र इथे एक प्रामाणिक टीप हवी: ऑपरेशनच्या आधीच वेदनाशामक दिलं तर मज्जारज्जूची संवेदनशीलता चढणारच नाही, ही वूल्फ यांच्या प्रयोगांतून निघालेली आशा माणसांवरच्या चाचण्यांत तितकी खरी ठरली नाही. आणि अफूच्या जातीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहिलं तर उलट त्यांनीच संवेदनशीलता वाढू शकते. तीन महिन्यांनंतरही भाजल्यासारखं किंवा मुंग्यांसारखं दुखत असेल तर नेहमीच्या गोळीचा डोस वाढवण्याऐवजी चेतांच्या दुखण्यावरची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांना विचारावीत.

झोप हे यातलं सगळ्यात उपेक्षित औषध. एका रात्रीचं जागरणही दुसऱ्या दिवशी तीच टाचणी जास्त टोचवतं. फिजिओने सांगितलेल्या अंगावर, पायांमध्ये उशी घेऊन झोपावं. दुपारच्या लांब डुलक्या आवराव्यात. गोव्यात हे सांगणं धाडसाचं आहे, तरी.

चालणं दुखण्यावर नव्हे, घड्याळावर ठरवावं. बरं वाटलं म्हणून सकाळी कुळागराच्या टोकापर्यंत जायचं आणि मग दोन दिवस खाटेवर पडायचं, हा सर्वांत वाईट क्रम. दहा मिनिटं झेपतात तर बऱ्या दिवशीही दहा आणि वाईट दिवशीही दहाच्या आसपास, मग आठवड्याने थोडी भर. मज्जारज्जूला 'हालचाल म्हणजे धोका नव्हे' हे अशा कंटाळवाण्या उजळणीनेच कळतं. जखम पूर्ण भरल्यावर टाक्यांच्या आसपास आधी मऊ, मग थोड्या खरखरीत कापडाने रोज स्पर्श करणं हीसुद्धा तीच उजळणी.

हाडवैद्याकडे जाऊन नव्या सांध्याला झटका देणं मात्र सरळ घातक, तो निखळतो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. तीन दिवसांत चमत्कार दिसतो तो त्यानेच, आणि कृत्रिम सांधा असलेल्या माणसाला त्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. चुंबकाच्या पट्ट्याने फक्त विकणाऱ्याचा खिसा बरा होतो.

जिन्याची भीतीही निष्कारण मोठी आहे. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने मोजमाप करणारी यंत्रणा बसवलेले कृत्रिम खुबेच काही रुग्णांत बसवले. सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.४ पट भार आला, जिना चढताना २.५, उतरताना २.६. फरक किरकोळ. पण अडखळल्यावर तो आठ पटींहून वर गेला. तेव्हा पायरी टाळण्यापेक्षा पायरीवरचं शेवाळ खरवडा आणि कठड्याला हात धरा.

चालताना वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो तो तरफेमुळे. एका पायावर उभं असताना बाकीचं शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू फार आखूड भुजेवरून ओढ लावतात, आणि ती ओढ सांध्यालाच सोसावी लागते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली की तिची भुजा लांब होते आणि हाताच्या थोड्याशा दाबाने त्या स्नायूंचं बरंच काम वाचतं. बहुतेक जण मात्र ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती सोडायची तारखेवरून नव्हे, तिच्याशिवाय लंगडणं थांबल्यावर.