कापड सपाट, अंग वळणदार

घरी शिवणकाम करणाऱ्यांना मशीनची भीती फारशी वाटत नाही. भीती वाटते ती कापड बेतायची. टीप वाकडी गेली तर उसवता येते, पण कात्री चालली की चालली. मग तयार पेपर पॅटर्न आणायचा, त्यावरच्या रेषा मुकाट गिरवायच्या, आणि तरीही खांद्याशी झोल किंवा पाठीत चुण्या आल्या की दोष आपल्या अंगाला द्यायचा. हे मला अजिबात पटत नाही. पॅटर्नमधली प्रत्येक वळणदार रेषा म्हणजे भूमितीच्या एका प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न समजला, तर उत्तर स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या टेपने काढता येतं.

प्रश्न साधा आहे: कापड सपाट आणि अंग वळणदार. एक कागद घ्या. त्याची नळी होते, शंकू होतो, कुठेही सुरकुती पडत नाही. तोच कागद चेंडूवर बसवायला गेलात की कडेला घड्या पडतात. असं का होतं, याचं नेमकं उत्तर जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये दिलं. पृष्ठभागाच्या कुठल्याही बिंदूपाशी एका दिशेने सर्वांत जास्त आणि तिच्या काटकोनात सर्वांत कमी वळण असतं. या दोन वळणांचा गुणाकार म्हणजे त्या जागेची वक्रता. पृष्ठभाग न ताणता, न फाडता कसाही वाकवला तरी हा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य. नळीला एका दिशेने वळण आहे, दुसरीकडे नाही, म्हणून तिचाही शून्यच. कागद तिथे आनंदाने बसतो. चेंडूला दोन्हीकडून वळण आहे, तिथे तो बसूच शकत नाही.

आता आरशासमोर उभं राहून अंगाकडे या नजरेने बघा. दंड, पोटऱ्या, मांड्या जवळजवळ नळ्या किंवा शंकू आहेत. तिथे कापडाची तक्रार नसते. छाती, पाठीवरची खांद्याची हाडं, बसायची जागा, वाकवलेलं कोपर हे उंचवटे चेंडूच्या जातीचे. तिथे कडेचं कापड जास्तीचं होतं. मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा, कमरेच्या बाजू, काख आणि पायजम्याचा दोन पायांमधला भाग मात्र खोगिरासारखे, एका दिशेने आत आणि दुसऱ्या दिशेने बाहेर वळणारे. तिथे कापड अपुरं पडतं आणि ओढ बसते. जिथे जास्तीचं होतं तिथे पाचर काढायची, जिथे अपुरं पडतं तिथे छेद देऊन पाचर घालायची. बेतण्याचं बहुतेक कौशल्य या दोन कृतींत आहे.

काढलेली पाचर म्हणजे टक्स. तो कुठे द्यायचा हे पुस्तकात शोधायची गरज नाही, कापड स्वतः दाखवतं. एखाद्या जुन्या, न ताणणाऱ्या चादरीचा तुकडा घ्या. त्यावर उभ्या धाग्याला धरून खडूने एक रेषा ओढा. अंगात घट्ट टी-शर्ट घालून ती रेषा छातीच्या मधोमध सरळ खाली येईल अशी टाचण्यांनी लावा. मग गळ्यापासून खांद्याकडे, तिथून काखेकडे, तळहाताने कापड सपाट करत न्या. छातीच्या उंच भागाखाली कापड सैल पडून लोंबायला लागेल. ते चिमटीत धरा. चिमटीत आलेल्या कापडाचा आकार पाचरीचा असतो आणि तिचं टोक बरोबर उंचवट्याकडे रोखलेलं असतं. हाच तुमचा टक्स, तुमच्या मापाचा. पाठीकडून हेच केलं तर खांद्याच्या हाडाखातर लागणारा टक्स सापडतो. तो पुरुषांच्या सदऱ्यातही लागतो, बहुतेक वेळा खांद्याच्या जोडपट्टीच्या शिवणीत लपवलेला असतो.

आता चिमूट सोडा आणि जास्तीचं कापड तळहाताने काखेकडे ढकला. खालचा झोल नाहीसा होतो आणि तेवढीच पाचर बगलेत उभी राहते. आणखी ढकला, ती खांद्यावर येते. टक्सची जागा बदलते, त्याचा कोन बदलत नाही, कारण तो कोन म्हणजे त्या उंचवट्याची एकूण वक्रता. रुंदी मात्र बदलते, आणि घोटाळा इथेच होतो. समजा टक्सचा कोन १५ अंशांचा आहे. कापडाची कड टोकापासून १० सेंमीवर असेल तर टक्सचं तोंड सुमारे २.६ सेंमी रुंद होईल. कड २५ सेंमीवर असेल तर ६.६ सेंमी. दोन्ही टक्स एकाच छातीचे आहेत. बगलेतल्या टक्सची रुंदी मोजून तेवढाच टक्स कमरेतून घेतला तर टॉप छातीवर ओढणारच. म्हणून टक्स हलवताना सेंमी विसरा, कोन जपा. कागदावर टोकापर्यंत कापून जुनी फट मिटवायची; नवी फट आपोआप योग्य मापाने उघडते.

टक्स शिवला की कापडाचा शंकू होतो आणि शंकूचं टोक टोचरं दिसतं. अंगाची गोलाई मात्र पसरलेली असते. त्यामुळे टक्स सर्वांत उंच बिंदूच्या दोनतीन सेंमी अलीकडे थांबवायचा आणि शेवटचे टाके घडीच्या अगदी कडेने, जवळजवळ घडीला समांतर निसटत न्यायचे. खांद्याचा आणि कमरेचा टक्स टोकाला टोक जुळवून एकच शिवण केली की प्रिन्सेस कट होतो. चुण्या म्हणजेही असंख्य छोटे टक्सच, फक्त न शिवलेले. हे उमगलं की पन्नास वेगळ्या डिझाइन्समागे एकच कोन दिसायला लागतो, आणि त्या क्षणाचा आनंद मला फार मोठा वाटतो.

अपुऱ्या पडणाऱ्या कापडाची बाजूही तितकीच महत्त्वाची. काखेत घातलेला चौकोनी तुकडा, स्कर्टच्या खालच्या भागात घातलेली कळी, कमरेत घेतलेली आडवी शिवण, हे सगळे त्याचेच उपाय. तिसरा मार्गही आहे: कापड अंगावर बसवायचा हट्टच सोडायचा. जपानी किमोनो अरुंद पन्ह्याच्या कापडातून सरळ कापलेल्या आयताकृती पट्ट्यांचा असतो. तो खांद्यावरून लोंबतो, कमरेशी बांधला जातो, आणि कापड जवळजवळ वाया जात नाही. नवशिक्याने सुरुवात अशा सैल, चौकोनी तुकड्यांच्या कपड्यानेच करावी असं माझं मत आहे.

त्यानंतर गोल घेराचा स्कर्ट घ्यावा, कारण त्यात पॅटर्नच्या जागी फक्त एक भागाकार लागतो. कंबर ६६ सेंमी असेल तर तिला ६.२८ ने, म्हणजे पायच्या (३.१४) दुपटीने, भागा. आतल्या वर्तुळाची त्रिज्या आली १०.५ सेंमी. मात्र ही टिपेची रेषा आहे, कात्रीची नव्हे. १ सेंमी माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, ठेवायची तर कात्री ९.५ सेंमीवर चालवायची. १०.५ वर कापून १ सेंमी आत टीप घातली, तर कंबर ७२ सेंमीच्या पुढे जाते. त्रिज्या १ सेंमीने वाढली की वर्तुळाचा घेर ६.२८ सेंमीने वाढतो, मग कंबर ५० सेंमीची असो की १२०.

हेच ६.२८ गोल गळ्यात पुन्हा भेटतं. गळ्याची १ सेंमी माया टिपेच्या आतल्या बाजूला असते, म्हणजे तिची कड टिपेपेक्षा ६.२८ सेंमीने आखूड. ती उलटून कपड्यावर दाबली की टिपेच्या बाहेर येते, आणि तिथला घेर टिपेपेक्षा ६.२८ सेंमीने मोठा. एकूण साडेबारा सेंमीचा तुटवडा! म्हणून मायेला टिपेजवळपर्यंत छेद द्यावे लागतात. ते फाकतात आणि तुटवडा भरून निघतो. माया अर्धा सेंमीच ठेवली तर तुटवडाही अर्धा होतो. गळा उलटल्यावर चुरगळल्यासारखा दिसत असेल, तर इस्त्री तापवण्याआधी हे छेद तपासा.

आतापर्यंत आपण कापडाला कागद समजत होतो. पण कापड कागदापेक्षा दयाळू असतं. विणलेल्या कापडातले उभे आणि आडवे धागे लांबीने फारसे वाढत नाहीत, मात्र एकमेकांत गुंतलेल्या जागी ते थोडे फिरू शकतात. त्यांच्यातला काटकोन मोडतो आणि चौकोनाचा शंकरपाळ्याचा आकार होतो. रशियन गणिती पाफनुती चेबिशेव यांनी १८७८ मध्ये पॅरिसला कपडे बेतण्याच्या गणितावर व्याख्यान दिलं ते याच गृहीतकावर: धाग्यांची लांबी कायम, बदलतो तो फक्त त्यांच्यातला कोन. चेंडूवर कापड बसवायचं तर ते कसं बेतावं, याचा हिशोब त्यांनी मांडला. धाग्यांच्या अशा जाळ्यांना गणितात आजही त्यांचं नाव आहे.

हातात रुमाल घेऊन बघा. काठाला समांतर ओढला तर तो हलत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढला की लांबतो आणि मध्ये आकसतो. धाग्यांमधला कोन ९० वरून ८० अंशांवर आला, तर तिरकी लांबी सुमारे ८ टक्क्यांनी वाढते आणि रुंदी ९ टक्क्यांनी घटते. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टी गळ्याच्या वळणावर सुरकुती न पडता बसते ती यामुळेच. पॅरिसमध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी १९२०च्या दशकात अख्खे पोशाखच उरेब कापडातून घडवले. व्हियोने आधी लहान आकाराच्या लाकडी पुतळीवर कापड गुंडाळून, टाचण्या लावून आकार शोधत. म्हणजे चिमटीने टक्स शोधण्याची आपली रीत थेट तिथपर्यंत पोचते.

उरेबची दुसरी बाजू अशी की ते आपल्याच वजनाने खाली उतरतं. गोल स्कर्टमध्ये चार जागी कापड उरेब येतं आणि त्या चार जागा कालांतराने लोंबतात. स्कर्ट एकदोन दिवस टांगून ठेवावा, मग अंगात घालून जमिनीपासून पट्टीने उंची मोजून खालची कड कापावी. हा धीर धरावाच लागतो.

तयार पॅटर्नना मी नावं ठेवत नाही. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली आणि घरोघरच्या शिवणाला मोठा आधार मिळाला. पण मापांचा तक्ता शेवटी सरासरीवर उभा असतो. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापं घेतली, ती कपड्यांची मापं ठरवायला आधार मिळावा म्हणून. एका अंगाची ५९ मापं! दुकानातल्या पाकिटावर छाती, कंबर, सीट एवढी तीनच असतात. उरलेल्यांचा अंदाज तक्ता बांधतो, आणि छाती सारखी असलेल्या दोघींची पाठीची उंची किंवा खांद्याचा उतार सारखा असेलच असं नाही.

शिवाय ही सगळी मापं स्थिर उभ्या माणसाची. हात खाली सोडून कुणाकडून तरी पाठीचं माप काखेपासून काखेपर्यंत घ्या. मग स्वतःलाच घट्ट मिठी मारून तेच माप पुन्हा घ्या. उभं राहून आणि खुर्चीवर बसून सीट मोजा. कोपर सरळ ठेवून आणि दुमडून खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावा. जो फरक येईल त्याची सोय कपड्यात कुठून तरी करावीच लागते. कातडी ताणते, मागावर विणलेलं कापड फारसं ताणत नाही. बाहीचं सगळं राजकारण यातच आहे. बाहीचा वरचा गोल उंच ठेवला तर हात खाली असताना ती देखणी बसते, पण हात वर केला की अख्खा सदरा वर चढतो. गोल ठेंगणा ठेवला तर हात मोकळा राहतो आणि काखेत घड्या पडतात. दोन्ही एकदम मिळत नाही. काखेतला चौकोनी तुकडा थोडीफार तडजोड करून देतो. घरी काम करताना घालायच्या कपड्यात मी मोकळा हातच निवडेन. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल कापला की हात मोकळा होतो हा समज मात्र चुकीचा आहे. मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात वर करताना सदरा कमी खेचला जातो.

कात्री लावण्याआधी सुती कापड धुऊन घ्यायचं, हे सगळे सांगतात. कारण क्वचित कुणी सांगतं. मागावर उभे धागे ताणलेले असतात. पाण्यात तो ताण सुटतो. त्याचबरोबर सुताचे तंतू पाणी पिऊन जाड होतात, आणि जाड झालेल्या आडव्या धाग्याला वळसा घालून जायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते. ती लांबी कापडाच्या उंचीतून जाते, म्हणून सहसा रुंदीपेक्षा उंचीतच जास्त आटतं. धुऊन, वाळवून, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री केलेलंच कापड बेतायला घ्यावं.

आवडता जुना कपडा कागदावर टाचून त्याची नक्कल करणं हाही उत्तम मार्ग आहे, पण दोन्ही कापडं एकाच जातीची हवीत. टी-शर्टचं कापड फासाफासांनी विणलेलं असतं आणि फास उघडून ते सगळीकडे ताणतं, त्यामुळे त्याला टक्सशिवाय चालतं. त्याच मापाने साध्या सुती कापडात टॉप बेतला तर तो डोक्यातून जाणारही नाही.

पहिला प्रयोग नेहमी जुन्या चादरीवर करा. मोठ्या टाक्यांनी धावदोरा घाला, अंगात घालून बसा, वाका, हात वर करा. जिथे ओढ दिसते तिथे कात्रीने छेद द्या, तो किती फाकतो ते मोजा. जिथे झोल पडतो तिथे चिमूट घेऊन टाचणी लावा. मग उसवून इस्त्री करा आणि तुकडे जाड कागदावर गिरवा. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची दिशा, टक्सचं टोक, माया धरली आहे की नाही, आणि तारीख लिहा. वर्षभराने पुन्हा वापरताना आधी कंबर आणि छाती नव्याने मोजा.