केडलस्टन हॉल

केडलस्टन हॉल : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील जॉर्जियन काळातील (अठराव्या शतकातील) ग्रामीण प्रासाद. डर्बी शहराच्या वायव्येस सु. ६ किमी. कर्झन घराण्याची ही जहागीर मध्ययुगापासूनची. सर नॅथॅनियल कर्झन (१७६१ पासून बॅरन स्कार्सडेल) यांनी १७५८ मध्ये वारसा मिळताच जुना वाडा पाडविला व शेजारचे गावही हलविले. जुने चर्च तेवढे जागेवर राहिले.

बांधकाम १७५९ च्या सुमारास सुरू झाले. रचनेचे श्रेय वादग्रस्त आहे. मधली मुख्य इमारत आणि वक्राकार मार्गिकांनी तिला जोडलेले चार उपप्रासाद ही कल्पना सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद पालाद्योच्या व्हिला मोचेनिगोच्या आराखड्यावरून आली. ती प्रथम मॅथ्यू ब्रेटिंगहॅमने मांडली असावी. ईशान्येकडील उपप्रासाद त्याचा आहे. त्यानंतर आलेल्या जेम्स पेनने वायव्येचा मुदपाकखान्याचा उपप्रासाद बांधला आणि मुख्य इमारतीचे आराखडे केले. आरंभी केवळ उद्यानाच्या कामासाठी नेमलेल्या रॉबर्ट अ‍ॅडमकडे १७६० च्या सुमारास सर्व सूत्रे गेली. प्रासाद सामान्यतः अ‍ॅडमच्याच नावे ओळखला जातो. तथापि पेनने १७८३ मध्ये प्रसिद्ध केलेले आराखडे पाहता, स्तंभयुक्त दालन व त्यामागे वर्तुळाकार दिवाणखाना हा क्रम मुळात पेनचा, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. उत्तरेचा दर्शनी भागही अ‍ॅडमने थोड्या फेरफारांनी पेनचाच ठेवला. स्तंभयुक्त दालन व दिवाणखाना यांमधील नियोजित जिना मात्र त्याने काढून टाकला. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर बेतलेला दक्षिण दर्शनी भाग निर्विवादपणे अ‍ॅडमचा होय. दक्षिणेचे दोन उपप्रासाद कधीच बांधले गेले नाहीत.

संगमरवरी दालन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्तंभयुक्त दालनात २० कॉरिंथियन (पर्णाकृती शीर्षांचे) स्तंभ आहेत. दालनाचे नाव संगमरवरी असले, तरी स्तंभ स्थानिक अ‍ॅलाबास्टरचे (मऊ, अर्धपारदर्शक दगडाचे) आहेत. दालनाला खिडक्या नाहीत. उजेड छतातून येतो. दिवाणखाना रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर घुमटाकार असून त्याची उंची सु. १९ मी. आहे. गिलावकाम जोसेफ रोझचे. १७७७ मध्ये येऊन गेलेले इंग्रज साहित्यिक डॉ. जॉन्सन यांना मात्र ही वास्तू नगरभवनाला शोभेलशी वाटली.

कोलकात्याचे गव्हर्नमेंट हाउस (१७९९–१८०३, नंतरचे राजभवन) याच आराखड्यावर आधारलेले आहे. त्याचा रचनाकार कॅप्टन चार्ल्स वायट हा केडलस्टनचे बांधकाम सांभाळणाऱ्या सॅम्युएल वायटचा पुतण्या होता. तेथे चारही उपप्रासाद पूर्ण झाले. केडलस्टनमध्ये जन्मलेले लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय (१८९९–१९०५) म्हणून त्याच वास्तूत राहिले. त्यांनी आशियातून जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय केडलस्टनमध्ये आहे. प्रासाद १९८७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे आहे.