अक्षता आणि धूळ

डब्याचं झाकण निघालं तेव्हा रिळं दिसायच्या आधी वास आला. चायनीजच्या गाडीवर येतो तसा, थेट व्हिनेगरचा. रत्नागिरीच्या घरात माळ्यावर पडलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तळाला गंजलेला. आत तळहातावर मावतील अशी दोन छोटी रिळं. एकावर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘लग्न, मे १९७६’. दुसऱ्यावर काकांच्या अक्षरात, ‘बोट, कोबे’.

लग्न माझ्या आत्याचं. लंडनहून आलेल्या पाहुण्यांनी कोडॅकच्या सुपर एट फिल्मवर ते टिपलं, परत गेल्यावर फिल्म धुऊन घेतली आणि टपालाने पाठवून दिली. काका बोटीवर इंजिनिअर होते. त्यांनी जपानात फुजीचा सिंगल एट कॅमेरा घेतला होता, बोटीचं रीळ त्यावरचं. दोन्ही फिल्मची रुंदी ८ मिलिमीटर, फ्रेमचं माप तेच, भोकंही तशीच, त्यामुळे दोन्ही एकाच प्रोजेक्टरवर चालायची. आता मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला होता. काकांची फिल्म सरळ, लवचीक, कालपरवा गुंडाळून ठेवल्यासारखी. लग्नाच्या फिल्मच्या कडा मात्र वाळत घातलेल्या आंब्याच्या साठाच्या कडांसारख्या वर उचलल्या गेल्या होत्या. वास येत होता तो तिचाच.

एकाच डब्यात, एकाच उकाड्यात पन्नास वर्षं काढलेल्या दोन फिल्मची गत इतकी वेगळी का झाली, याचं उत्तर चित्रात नाही, चित्राखालच्या पट्टीत आहे. फिल्म म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पाया आणि त्यावर जिलेटिनचा पातळ थर. चित्र या जिलेटिनमध्ये असतं. सुपर एट आणि सिंगल एट हे दोन्ही प्रकार १९६५ मध्येच बाजारात आले, पण फुजीने पाया पॉलिएस्टरचा घेतला आणि कोडॅकने सेल्युलोज ॲसिटेटचा. सेल्युलोज कापसा-लाकडातून येतं. त्याच्या लांब साखळीवर ॲसिटिल गट टांगले की ॲसिटेट तयार होतं. हवेतली ओल फिल्ममध्ये शिरली की पाण्याचे रेणू हे टांगलेले गट एकेक करून तोडतात, आणि तुटलेल्या प्रत्येक गटामागे ॲसिटिक आम्लाचा एक रेणू सुटतो. ॲसिटिक आम्ल म्हणजेच व्हिनेगरचा आंबटपणा.

घातक गोष्ट यापुढची आहे. सुटलेलं आम्ल स्वतःच पुढच्या तुटण्याला वेग देतं. विरजणाचं जसं असतं, थोडं लागलं की ते आपल्यासारखं आणखी तयार करत जातं, तसंच हे. सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच कळत नाही आणि एकदा वास सुटला की ऱ्हास झपाट्याने होतो. डब्याचा गंज त्याला आणखी ढकलतो, कारण लोखंडाचे अंश हीच क्रिया जलद करतात. हवाबंद डब्यात आम्लाची वाफ कोंडून राहते, तेही वाईटच. आपण इतक्या प्रेमाने घट्ट झाकण लावून ठेवतो, आणि तेच फिल्मच्या मुळावर येतं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने या ऱ्हासाचा सखोल अभ्यास केला आहे. त्यांच्या हिशोबाने २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर नव्या ॲसिटेट फिल्मला हा रोग लागायला सुमारे ४० वर्षं लागतात. ऊन, ओल वाढली की वर्षं घटतात. कोकणातल्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नकोच. कोडॅकने ट्रायॲसिटेट, म्हणजे ॲसिटेटच्याच एका प्रकारची फिल्म १९४८ मध्ये आणली, आणि ती अशी सडते ही पहिली तक्रार दशकभरातच आली ती भारत सरकारकडून. आपली हवाच तशी. म्हणून हा विषय मला परदेशातल्या छंदिष्टांचा वाटत नाही. या फिल्मचा काळ आपल्याकडे सगळ्यात आधी संपतो.

पायातले ॲसिटिल गट गेले की फिल्म आकसते. सुपर एटच्या दोन भोकांमधलं अंतर ४.२३ मिलिमीटर असतं. फिल्म फक्त एक टक्का आकसली तरी शंभर फ्रेमच्या लांबीत एक फ्रेमएवढी लांबी कमी पडते. प्रोजेक्टरचे पोलादी दात मात्र ठरल्या मापाचेच राहतात. ते भोकात नीट बसत नाहीत, कडा फाडत जातात, फिल्म अडकते, आणि अडकलेल्या फ्रेमवर दिव्याची उष्णता साचून क्षणात बुडबुडा येतो. घरी जुनं रीळ सापडलं की पहिली इच्छा होते ती प्रोजेक्टर शोधून ‘एकदा लावून बघू’ अशी. कळकळीने सांगतो, तो मोह टाळा.

आमच्याकडे हा मोह वीसेक वर्षांपूर्वी झाला होता. लग्नाचं रीळ एका स्टुडिओत नेलं, त्यांनी ते पडद्यावर दाखवून समोरून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलं आणि डीव्हीडी दिली. मांडवातले धोतरवाले सगळे पांढरे डाग झालेले, कडा कापल्या गेलेल्या आणि चित्र सतत लुकलुकणारं. लुकलुकण्याचं गणित सोपं आहे. फिल्म सेकंदाला १८ फ्रेमने चालते. डोळ्याला फडफड जाणवू नये म्हणून प्रोजेक्टरचा तीन पात्यांचा शटर प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवतो, म्हणजे सेकंदाला ५४ उघडझाप. आपल्याकडचा व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला ५० वेळा बघायचा. ५४ आणि ५० यांचा मेळ बसत नाही, म्हणून सेकंदाला चारदा उजेड कमीजास्त होतो. प्रोजेक्टर किंचित हळू, १६.६७ फ्रेमने चालवला असता तर १६.६७ गुणिले ३ बरोबर ५० झाले असते आणि लुकलुक गेली असती. तेवढंही तिथे कुणी केलं नाही.

आता काम वेगळ्या रीतीने होतं. स्कॅनरमध्ये दात नसतात. फिल्म मऊ रुळांवरून सरकते, एलईडीचा उजेड क्षणभर चमकतो आणि एकेका फ्रेमचा स्वतंत्र फोटो निघतो. भोक कुठे आहे हे कॅमेरा पाहतो आणि त्यावरून संगणक प्रत्येक फ्रेम जागेवर बसवतो. त्यामुळे थोडी आकसलेली फिल्मही निभावून जाते. फ्रेम केवढी? ५.८ बाय ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण तुरीच्या डाळीएवढी. ५० फुटांच्या रिळात अशा ३६०० फ्रेम, आणि चालवलं तर अवघी तीन मिनिटं वीस सेकंद. २के दर्जात, म्हणजे आडवे सुमारे दोन हजार ठिपके घेऊन, प्रत्येक रंगाला १० बिट देऊन, काहीही न दाबता साठवलं तर एका फ्रेमला पावणेतेरा एमबी आणि अख्ख्या रिळाला सुमारे ४६ जीबी जागा लागते. व्हॉट्सॲपवर जाणारी छोटी फाइल त्यातून नंतर कधीही काढता येते, पण छोट्या फाइलीतून मूळ परत मिळत नाही. स्कॅन करणाऱ्याकडून ती मोठी फाइल मागून घ्या. पैसे थोडे जास्त पडतात, तरी घ्याच.

ओरखड्यांचीही एक गंमत आहे. बाथरूमच्या खिडकीची खरखरीत काच ओली झाली की पलीकडचं दिसायला लागतं, कारण खाचांमध्ये पाणी भरतं आणि उजेड कमी वाकतो. मोठी अभिलेखागारं हेच करतात. ज्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं माप, फिल्मच्या पायाशी जुळतो, जवळपास १.५, अशा द्रवात फिल्म भिजलेली असतानाच तिचं स्कॅन घेतात, आणि पायावरचे ओरखडे नाहीसे होतात. आमचं रीळ कडक झालेलं, त्याला तो मार्ग झेपला नसता. तिथे चहूबाजूंनी येणारा मऊ, विखुरलेला प्रकाश वापरला, त्यानेही बरंच भागलं.

रंगांनी मात्र थक्क केलं. फिल्म कोडॅक्रोम होती. बहुतेक रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं आधीच भरलेली असतात आणि उरलेली द्रव्यं पुढे डाग पाडतात. कोडॅक्रोममध्ये ती धुताना बाहेरून द्यायची, मागे काही उरायचं नाही. ती धुणं फार किचकट, मागणीही घटत गेली, म्हणून २००९ मध्ये कोडॅकने तिचं उत्पादन थांबवलं, आणि जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेतलं धुण्याचं काम २०१० च्या अखेरीस बंद झालं. पण अंधारात ठेवली तर तिचे रंग टिकतात. आत्याच्या शालूचा जांभळा आणि हिरव्या चुड्याचा हिरवा, दोन्ही जसेच्या तसे निघाले.

धुळीचं काम सगळ्यात शेवटी आलं. एरवी रंगीत फिल्मसाठी इन्फ्रारेड किरणांची युक्ती असते. हे किरण रंगांतून आरपार जातात, धुळीला मात्र अडतात, त्यामुळे फक्त धुळीचाच नकाशा मिळतो. कोडॅक्रोमचा एक रंग मात्र इन्फ्रारेडही थोडा अडवतो, म्हणून नकाशा फसवा येतो. मग संगणकाने दुसरी पद्धत वापरली. जो ठिपका एकाच फ्रेममध्ये आहे, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये नाही, तो कचरा. तो पुसायचा आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे भरायचा. चित्र आरशासारखं स्वच्छ झालं. टीव्हीवर लावलं. आत्या पुढे सरकून बसली होती. मंगलाष्टकं संपली, मांडवातले सगळे हात वर गेले, आणि ती म्हणाली, “अरे, अक्षता कुठायत?”

अक्षता नव्हत्याच. हात होते, उघडलेल्या मुठी होत्या, हवेत काही नव्हतं.

विचार केला तर संगणकाची चूक नव्हती. कॅमेऱ्यात पाच मीटर रुंदीचं दृश्य मावलं असेल, तर सहा मिलिमीटरच्या तांदळाची फिल्मवरची प्रतिमा सुमारे ७ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. उडवलेला दाणा सगळ्यात वर पोहोचला की क्षणभर थांबल्यासारखा होतो, तिथे त्याचा ठिपका उमटतो. खाली येताना त्याची बारीक रेघ होते. आणि सेकंदाच्या अठराव्या भागात तो वीतभर सरकलेला असतो, म्हणून पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी सापडत नाही. एकाच फ्रेमपुरता ठिपका. संगणकाच्या व्याख्येत अक्षता म्हणजे तंतोतंत धूळ.

आमच्याकडे मूळ स्कॅन हात न लावता राखलेला होता, म्हणून पुन्हा सुरुवात करता आली. डागडुजी नेहमी प्रतीवर करायची ती यासाठीच. यावेळी काम करणाऱ्या मुलीने नीट विचार केला. ही फिल्म थेट पॉझिटिव्ह आहे, म्हणजे तिच्यावर निगेटिव्ह नाही, सरळ चित्रच असतं, त्यामुळे वर बसलेली धूळ उजेड अडवते आणि काळी दिसते. मग संगणकाला फक्त काळे ठिपके पुसू द्यायचे. उजळ ठिपके एकेक करून डोळ्यांनी बघायचे, कारण त्यांत अक्षताही आहेत आणि जिलेटिन खरवडून पडलेल्या जखमाही.

या दोन्ही वेगळ्या कशा ओळखायच्या? कोडॅक्रोममध्ये रंगांचे तीन थर एकावर एक असतात. वर पिवळा, मध्ये किरमिजी, तळाला निळसर-हिरवा. वरवर खरवडलं तर पिवळा जातो आणि जखम निळी दिसते. आणखी खोल गेलं तर किरमिजीही जातो, जखम निळसर-हिरवी होते. तळापर्यंत गेलं तर कोरी पांढरी. जखमेला लाल रंग कधीच येऊ शकत नाही, कारण लालसाठी लागणारे पिवळा आणि किरमिजी हेच थर आधी जातात. आणि अक्षतांना कुंकू लावलेलं असतं.

तिने सगळ्या फ्रेम तशा तपासल्या. चार रात्री लागल्या. चेहरे आणखी ठळक करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र वापरू दिली नाही. तिथे जे नाही ते ती कल्पनेने भरते, आणि मला माझी माणसं हवी होती.

याच कामात एक गोष्ट सापडली. प्रोजेक्टरची खिडकी कॅमेऱ्याच्या खिडकीपेक्षा थोडी अरुंद असते, म्हणून पडद्यावर फ्रेमच्या कडा कधीच दिसत नाहीत. स्कॅनर अख्खी फिल्म टिपतो, भोकांसकट. डाव्या कडेला, ओटीच्या दाराशी, पणजी उभी आहे. ती विधवा होती. त्या काळच्या रीतीने तिने मांडवात पुढे यायचं नव्हतं, आणि लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही. बाकीच्यांचे हात खाली आल्यावर तिचा उजवा हात वर जायला लागतो. अकरा फ्रेम. बाराव्या फ्रेममध्ये मूठ उघडलेली आहे आणि तिच्यासमोर हवेत चार बारीक ठिपके आहेत.

ते मोठे करून पाहिले. चारही लालसर.