शालेय पोषण आहारासाठी भाजीपाला पुरवठा (नागपूर): पात्रता, कागदपत्रे आणि माल तपासणी

अर्जाआधी माल कुणाला द्यायचा ते ठरवा. खेड्यातल्या शाळेत भाजी बहुधा मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती जवळपासच घेतात. तिथे दरपत्रक आणि पक्के बिल महत्त्वाचे. शहरात माल मध्यवर्ती स्वयंपाकघराला जातो, तिथे लेखी करार करूनच सुरुवात करा. ई-निविदा निघाली असेल तर अर्ज राज्य सरकारच्या महाटेंडर्स या निविदा संकेतस्थळावर, डिजिटल स्वाक्षरीने.

स्वतःच्या वावरातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा परवाना लागत नाही, सातबारा जोडावा. मात्र कळमन्याच्या बाजारातून किंवा कॉटन मार्केटमधून माल उचलून पुढे देणार असाल, तर अन्नसुरक्षा परवान्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. दोन्हींपैकी काय, ते वार्षिक उलाढालीवर ठरते. 2022 पासून या नोंदणीचा किंवा परवान्याचा 14 अंकी क्रमांक बिलावर छापणे बंधनकारक आहे. सोबत पॅन, बँक पासबुक, काट्याचे पडताळणी प्रमाणपत्र आणि बचत गट असल्यास सही कोण करणार याचा ठराव. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त भाजीच विकणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक नसतो; अर्जात तो रकाना कोरा सोडू नका, सूट असल्याचे स्वयंघोषणापत्र लावा. आणि गटाचे नाव नोंदणीत एक, पासबुकात दुसरे असे असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर बिल अडकते.

आता माल उतरवून घेणाऱ्यांनी करायची तपासणी. पीएम पोषण म्हणजे शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी धरली आहे. लहान 120 आणि मोठी 80 मुले असतील तर 6 अधिक 6, म्हणजे 12 किलो. फुलकोबी पाला-दांड्यासकट 12 किलो मोजली, तर मुलांच्या ताटात तेवढी पडतच नाही. म्हणून करारातच ‘पाला-दांडा काढून वजन’ असे लिहून घ्या.

पोत्याचा वरचा थर पाहून सही करू नका. गाडीतल्या मधल्या आणि तळच्या क्रेटमधला माल ताडपत्रीवर ओतून पाहावा. पालक, मेथी आणि सांबार (कोथिंबीर) झटकून मगच काट्यावर ठेवा. पाणी मारलेली जुडी वजनात भरते आणि लवकर सडते. उन्हाळ्यात 45 अंशांच्या उन्हात बंद गाडीतली पालेभाजी दुपारपर्यंत काळी पडते, त्यामुळे माल सकाळीच उतरवावा, तोही पोत्यात दाबून नाही, हवा खेळेल अशा क्रेटमध्ये.

हिरवट झालेला बटाटा परत करा. त्यातले सोलॅनिन हे विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. दुधीच्या प्रत्येक फळाची चकती जिभेला लावून थुंकावी. कडू लागला तर तो दुधी फेकाच. त्याने उलट्या होतात, प्रकृती गंभीरही होते. छिद्र असलेले वांगे चिरून पाहा, आत अळी असते. केळी कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) चालतो, तेव्हा फळ कशाने पिकवले ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.

नाकारलेल्या मालाची चिठ्ठी दोन प्रतींत करा: भाजीचे नाव, वजन, कारण, वेळ, दोघांच्या सह्या. फोटोही काढून ठेवा. बदली माल चूल पेटण्याआधी पोचला पाहिजे, आणि बिल फक्त स्वीकारलेल्या वजनाचे.