महासाथीतील सार्वजनिक जलतरण तलाव

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या रोगाची महासाथ चालू असताना महापालिका, क्रीडासंकुले, क्लब आणि गृहसंस्था यांचे सामाईक तलाव सुरक्षित चालवण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर जगभर तलाव बंद झाले. पुढच्या दोन वर्षांत ते टप्प्याटप्प्याने उघडताना जे नियम घडले, त्यांतून ही पद्धत आकाराला आली. नीट राखलेले पाणी हा तलावातला सर्वांत सुरक्षित भाग असतो आणि धोका असतो तो पाण्याभोवती, हे तिचे मुख्य सूत्र. बंदीचे अनेक आदेश काढताना मात्र हा फरक पुरेसा ध्यानात घेतला गेला नाही.

पाण्याचा प्रश्न क्लोरीनवर आणि सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा) अवलंबून असतो. क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन तयार होतात. विषाणू निकामी करण्याचे काम मुख्यतः आम्ल करते. सामू ७ असेल तर आम्लाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असतो, ७.५ च्या आसपास तो निम्म्यावर येतो आणि ८ ला जेमतेम पाव उरतो. म्हणजे तलावाबाहेरच्या फळ्यावर क्लोरीनचा आकडा तोच दिसत असला, तरी सामू चढलेला असेल तर पाण्याची ताकद कितीतरी कमी असते. आपल्याकडे वापरली जाणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि सोडियम हायपोक्लोराइट ही दोन्ही अल्कधर्मी आहेत. भीतीपोटी नुसती त्यांची मात्रा वाढवत गेले की सामूही वर जातो आणि हेतूच फसतो. तपासणीतही असाच एक बारकावा आहे. ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाने येणारा पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो. घाम-लघवीशी संयोग पावून निष्प्रभ झालेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. मुक्त क्लोरीन वेगळा कळायला डीपीडी गोळीची चाचणी लागते. पोहण्यापूर्वी साबण लावून शॉवर घेण्याचा जुना नियम याच कारणासाठी आहे. अंगावरची घाण जितकी कमी, तितका मुक्त क्लोरीन जास्त शिल्लक राहतो.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये विषाणुतज्ज्ञ वेंडी बार्कले यांच्या गटाने कोविडच्या विषाणूवर तलावाच्या पाण्याचा प्रयोग केला. सामू ७ ते ७.२ आणि मुक्त क्लोरीन लिटरला १.५ मिलिग्रॅम असताना ३० सेकंदांत विषाणूची संसर्गक्षमता हजारपटीहून अधिक घटली. हा निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाला. हे संरक्षण सर्वच जंतूंना लागू नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. जुलाबाला कारण ठरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ तग धरू शकतो.

तलावांची भीती याहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पोलिओची साथ आली की उन्हाळ्यात गावोगावचे तलाव बंद केले जात आणि मुलांना पाण्याजवळ फिरकू दिले जात नसे. पोलिओचा विषाणू विष्ठेतून पसरतो, त्यामुळे न शुद्ध केलेल्या पाण्याबद्दलची ती शंका निराधार नव्हती. जोनास सॉल्क यांची लस १९५५ मध्ये आल्यावर ती भीती ओसरली. कोविडचा प्रसार मात्र श्वासावाटे होतो, म्हणून पोलिओच्या काळातले उत्तर इथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

खरा धोका कपडे बदलण्याच्या खोलीत, शॉवरच्या रांगेत, तिकीट खिडकीपाशी आणि काठावर घोळका करून मारलेल्या गप्पांत असतो. पोहणारा धापा टाकत जोरजोरात श्वास सोडतो, त्यामुळे बंदिस्त तलावात बाहेरची ताजी हवा खेळती ठेवणे क्लोरीनइतकेच महत्त्वाचे ठरते. आपल्याकडचे बहुतेक पालिका तलाव उघड्यावर आहेत, ही या बाबतीत मोठीच जमेची बाजू. उन्हाने क्लोरीन लवकर उडून जातो, म्हणून त्याची तपासणी मात्र दिवसातून अनेकदा करावी लागते.

इंग्लंडमध्ये उघडे तलाव ११ जुलै आणि बंदिस्त तलाव २५ जुलै २०२० पासून सुरू झाले. तिथे प्रत्येक पोहणाऱ्यामागे धरलेली पाण्याची जागा ३ चौरस मीटरवरून ६ चौरस मीटर करण्यात आली. २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावात या हिशेबाने १०४ ऐवजी ५२ जण मावतात. लोकांनी घरूनच पोहण्याचे कपडे घालून यावे, वेळ आधी नोंदवावी, लेनमध्ये एकाच दिशेने पोहावे आणि संपले की लगेच निघावे, असा क्रम ठरला. दोन बॅचमध्ये अंतर ठेवले की खोल्या पुसता येतात आणि येणारे-जाणारे समोरासमोर येत नाहीत. मास्क काठावर आवश्यक, पाण्यात निषिद्ध. भिजलेल्या कापडातून श्वास घेता येत नाही.

या सगळ्यात जीवरक्षकावर दुसरे कुठलेही काम टाकू नये. मास्क तपासणे, अंतर राखायला सांगणे ही कामे वेगळ्या माणसाकडे हवीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही तसेच बजावले होते. बुडणारा माणूस काही क्षणांत दिसेनासा होतो. बुडालेल्याला प्रथम गरज असते ती श्वासाची, म्हणून साथीच्या भीतीने फक्त छातीवर दाब देऊन भागत नाही. तोंडाने श्वास देण्याऐवजी फिल्टर बसवलेली पिशवी-मास्क (हाताने दाबून फुप्फुसात हवा भरण्याचे साधन) आणि ती वापरायला शिकलेले दोन जण तलावावर असावे लागतात.

महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील तलाव १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून साथरोग कायद्याखाली बंद झाले. मे महिन्यात केंद्राने क्रीडासंकुले प्रेक्षकांविना उघडू दिली, पण तलाव वगळले. कोल्हापूरचा ऑलिंपिक जलतरणपटू वीरधवल खाडे याने जूनमध्ये, सराव असाच बंद राहिला तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे जाहीरपणे म्हटले. धावपटू घराच्या अंगणात काहीतरी करू शकतो, पोहणाऱ्याला पाण्याशिवाय पर्याय नाही. ती व्यथा रास्त होती. खेळाडूंच्या सरावासाठी केंद्राने १५ ऑक्टोबरपासून आणि राज्याने ५ नोव्हेंबरपासून परवानगी दिली. सर्वांसाठी तलाव खुले करण्याची केंद्राची मुभा १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाली. ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी २०२२ मध्ये राज्यात तलाव पुन्हा बंद झाले आणि फेब्रुवारीपासून निम्म्या क्षमतेने उघडले.

बंद तलावही राखावाच लागतो. पाणी फिरवले नाही तर ते हिरवे होते आणि डासांची पैदास सुरू होते. पूर्ण रिकामा ठेवला तर फरशा तडकतात आणि भूजलाची पातळी वर असेल तिथे तळ उचलला जाण्याची भीती असते. पाणी कमी पातळीला ठेवून रोज थोडा वेळ पंप चालवणे त्यापेक्षा स्वस्त पडते. पुन्हा उघडताना फिल्टर बॅकवॉश करून (उलट्या दिशेने पाणी सोडून धुऊन) क्लोरीनची जादा मात्रा द्यावी आणि ती नेहमीच्या पातळीला उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नये. शॉवरच्या नळांत महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढलेला असू शकतो आणि तो तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून सारे नळ आधी सोडून वाहू द्यावेत. अनेक महिने पाण्यापासून दूर राहिलेल्या जीवरक्षकांची पोहण्याची आणि बचावाची चाचणी पहिल्या बॅचच्या आधी नव्याने घ्यावी.